कोरा पट्टा

वर्कशॉपच्या मागच्या भिंतीशी दोन लोखंडी स्टँडवर भंगारातून आणलेलं एक बॉनेट आडवं ठेवलं होतं. रंग गडद निळा, कारण गडद रंगावर काही लपत नाही. मास्किंग टेप लावून त्याचे पाच सारखे पट्टे पाडले होते. पहिल्या चार पट्ट्यांवर चार कंपन्यांचे फवारे मारलेले. बाटलीतून फवारायचं, एका कापडाने पसरवायचं, दुसऱ्या कोरड्या कापडाने पुसून घ्यायचं. मग म्हणे रंगावर एक पातळ कवच बसतं आणि पाणी, धूळ, ऊन, पक्ष्यांची घाण यांचं सहा महिने काही चालत नाही. पाचव्या पट्ट्यावर काहीच मारलेलं नव्हतं. तो कोरा.

"कोरा कशाला ठेवला?" मालकांनी विचारलं होतं.

"बाकीच्या चौघांना थापा मारता येऊ नयेत म्हणून," भाची म्हणाली होती.

तिला वर्कशॉपमध्ये सगळे भाचीच म्हणत, कारण ती मामांची भाची होती. आणि मामांना सगळे मामा म्हणत, कारण ती त्यांना मामा म्हणायची. अकरा वर्षांपूर्वी मामांनीच तिला गाड्या धुवायच्या कामावर आणून उभं केलं. आता धुलाई आणि पॉलिशचा भाग तिच्याकडे होता, रंगाची खोली मामांकडे. मामा एकटेच तिला मोजपट्टी म्हणत. ती साबणसुद्धा मापाच्या झाकणाने घ्यायची.

"थेंब मोजतेस काय गं?" पहिल्या आठवड्यात मामांनी बॉनेटपाशी थांबून विचारलं.

"थेंब नाही, सेकंद. एक मग पाणी ओतायचं आणि पट्टा रिकामा व्हायला किती वेळ लागतो ते लिहायचं."

"म्हणजे तीस वर्षं आम्ही रंग मारला, तो या बाटल्यांची वाट बघत उघडाच बसला होता."

"तुमच्या रंगावर कोण बोट ठेवतंय?"

"ठेव की. वाळलाय."

तिने वहीत पाच रकाने आखले होते. दर मंगळवारी पट्टे साबणाने धुवायचे, पुसायचे, पाणी ओतायचं, सेकंद लिहायचे. पुसायला प्रत्येक पट्ट्याचं वेगळं कापड, वेगळ्या रंगाचं, म्हणजे एकाचा फवारा दुसऱ्याला लागायला नको. कापडं ती वर्कशॉपच्या नळावर पाच वेगवेगळ्या डब्यांत धुवायची. चौथ्या आठवड्यापर्यंत चित्र स्पष्ट होतं. पहिला फवारा दोन धुण्यांत संपला. दुसऱ्यावर थेंब छान गोल व्हायचे, पण जागचे हलत नव्हते. चौथा चिकट, त्यावर धूळ बसायची ती बसायचीच. तिसरा मात्र चांगला निघाला. पाणी ओतलं की मण्यांसारखं घरंगळून दोन सेकंदांत खाली. कोऱ्या पट्ट्यावर पाणी चादरीसारखं सपाट पसरायचं आणि अकरा-बारा सेकंद तसंच रेंगाळायचं. कोऱ्या रंगावर ते तसंच रेंगाळायला हवं.

पाचव्या आठवड्यात मामी न्हाणीघरात घसरल्या. उजवं मनगट मोडलं, प्लास्टर चढलं.

मामी आणि मामा भाचीच्या खालच्या मजल्यावर राहत. मामांची कापडं धुवायचं काम इतकी वर्षं मामींकडे होतं. मामा विकतचे कागद वापरत नसत. जुन्या सुती चादरींचे चौकोन कापून मामी त्यांना शिवून देत, दर रविवारी वेगळ्या पातेल्यात उकळून धुवून, घडी करून देत. रंग मारण्याआधी पत्रा दोनदा पुसायचा, एकदा द्रावणाने आणि एकदा कोरडा, हा मामांचा नियम. त्या चौकोनांना दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे. रंग फवारायची गन, थिनर, कापडं या तीन गोष्टी त्यांच्या कपाटात कुलपात असत.

"यांच्या कापडांचं आता काय करायचं?" मामी प्लास्टरचा हात उशीवर ठेवून म्हणाल्या. "यांना सांगितलं तर स्वतः धुवायला बसतील आणि पातेलं जाळून ठेवतील."

"मी धुते," भाची म्हणाली. "माझ्याकडे मशीन आहे."

मामांनी चाळीस चौकोनांचं गाठोडं तिच्या हातात दिलं. तिच्या हातात दिलं, हेच पुरेसं होतं.

आता घरी मशीन लावायचंच आहे, तर नळावर पाच डबे घेऊन बसण्यात काय अर्थ, असा तिने विचार केला. गरम पाणी, दोनदा खळबळणं. नळापेक्षा स्वच्छच निघणार. तिची कापडं आणि मामांचे चौकोन रविवारी एकाच मशीनमध्ये गेले.

*

पहिली खळी सहाव्या आठवड्यात पडली.

खळी हा रंगाच्या खोलीतला शब्द. ताजा रंग पत्र्यावर बसतो आणि मिनिटभरात एखाद्या ठिकाणी मागे सरतो, टाचणीच्या डोक्याएवढा गोल खळगा पडतो आणि खालचं अस्तर दिसायला लागतं. पत्र्यावर तेल, मेण किंवा असलंच काही निसरडं राहिलं की असं होतं. एक खळी पडली तरी रंग वाळवून, घासून, पुन्हा मारावा लागतो. त्या दिवशी गाडीच्या दारावर चौदा होत्या.

मामांनी कॉम्प्रेसर उघडला. हवेबरोबर तेल येत असेल म्हणून गाळणी बदलली. पुढच्या गाडीला काही झालं नाही. त्याच्या पुढच्या गाडीच्या मडगार्डवर पुन्हा नऊ. मामांनी थिनरचा डबा बदलला, गन सुटी करून प्रत्येक तुकडा धुतला, खोलीच्या छताच्या धूळ अडवणाऱ्या जाळ्या बदलल्या. दोन गाड्या स्वच्छ निघाल्या. तिसरीला खळ्या.

दरवेळी आल्या असत्या तर दोष यंत्रात शोधला असता. कधी यायच्या, कधी नाही. असं झालं की लोक माणसाकडे बघायला लागतात.

"मामा, पुसायचं राहतंय का कुठे?" मालक म्हणाले. ते कधी बसत नसत. दारात उभं राहून बोलत आणि बोलताना फोन या हातातून त्या हातात घेत.

"दोनदा पुसतो."

"ते माहितीये हो. पण राहिलेलं दिसायला पण पाहिजे ना."

त्यानंतर मामा तीनदा पुसायला लागले. नवं कापड, पुन्हा नवं कापड. खळ्या वाढल्या.

आठव्या आठवड्यात मालकांनी भाचीला पाण्याच्या टाकीपाशी गाठलं. "ताई, तू रोज बघतेस त्यांना, घरी पण बघतेस. खरं सांग. त्यांना दिसतं का नीट?"

ती खोटं बोलत नसे. वहीत नाही, तोंडानेही नाही. मामा पेपर वाचताना मान उजवीकडे वळवून धरतात, चहाचा कप ठेवताना बशीची कड आधी बोटाने चाचपतात, हे तिने पाहिलं होतं. "डाव्या डोळ्याने जरा कमी दिसत असेल," ती म्हणाली. "तपासायला हवं."

"बास," मालक म्हणाले. "मला तेच वाटत होतं."

दहाव्या आठवड्याच्या सोमवारी त्यांनी मामांना ऑफिसात बोलावलं. काचेतून भाचीला दोघं दिसत होते. ऐकू काही येत नव्हतं. बाहेर आल्यावर मामांनीच सांगितलं. दुसरीकडचा एक रंगारी एक तारखेपासून येतोय. शुक्रवारी एक काळी गाडी आहे, पूर्ण बॉनेट. ते स्वच्छ निघालं तर मामा खोलीत राहतील. नाही निघालं तर गन त्या माणसाच्या हातात आणि मामा बाहेर, फाटकापाशी, गाड्यांच्या नोंदी करायला.

"काळी," मामा म्हणाले. "मुद्दाम काळी दिली. काळ्यावर आरशासारखं दिसतं सगळं."

"मामा, डॉक्टरकडे…"

"तू पण?" ते म्हणाले, आणि गन घेऊन आत गेले.

संध्याकाळी मामींनी तिला वर्तुळाकार घासलेली एक जुनी पत्र्याची प्लेट दाखवली. मामा घरी आले की गॅलरीत बसून ती पुसत. पुसायचे, उजेडात धरायचे, पुन्हा पुसायचे. "म्हणतात, तुझा हात मोडला आणि माझा गेला," मामी म्हणाल्या. "जेवायला बसले की घास हातात धरून बघत बसतात. तू काहीतरी सांग ना त्यांना."

भाची प्लेट जागेवर ठेवून वर गेली.

*

कोऱ्या पट्ट्याने आठव्या आठवड्यातच तिला बुचकळ्यात टाकलं होतं. पाणी बारा सेकंद रेंगाळायला हवं, ते सातांत गेलं. आपल्याच हातून बाटलीचा तुषार उडाला असेल असं समजून तिने पट्टा द्रावणाने साफ केला, पॉलिशने घासला, पुन्हा साफ केला. वहीत लिहिलं: माझी चूक. नवव्या आठवड्यात तो स्वच्छ होता. दहाव्या आठवड्यात गाड्यांची गर्दी झाली, मंगळवार आणि बुधवार गेले, गुरुवारी पट्टे धुवून पुसून झाले तोवर पाणी ओतायला वेळ उरला नाही. मग सगळे पट्टे तिने शुक्रवारी सकाळी पुन्हा धुतले, पुसले आणि पाण्याचा मग भरला.

कोऱ्या पट्ट्यावर पाणी पडलं आणि त्याचे मणी झाले.

ती बघत राहिली. मणी थरथरले, एकमेकांत मिसळले आणि घरंगळून खाली गेले. चार सेकंद. ज्याच्यावर काहीच नाही असा पट्टा दुसऱ्या क्रमांकाला आला होता.

आधी तिला राग आला तो दहा आठवडे फुकट गेल्याचा. मग तिने वही उघडली आणि मागे गेली. पहिले पाच आठवडे: बारा, अकरा, बारा, बारा, अकरा. सहावा: दहा. सातवा: नऊ. तिने याकडे उन्हामुळे म्हणून दुर्लक्ष केलं होतं. बाटल्या कुलपात होत्या. साबण तोच. पाणी तेच. पट्ट्याला दुसरं काय लागतं? तिने हातातल्या पिवळ्या कापडाकडे पाहिलं. कोऱ्या पट्ट्याचं कापड. याला कधीच कुठला फवारा लागलेला नव्हता.

रविवारच्या मशीनमध्ये सोडून.

तिने गाडीच्या एका काचेवर द्रावण घेतलं, काच अर्धी नव्या कागदाने पुसली, अर्धी पिवळ्या कापडाने, आणि पाणी मारलं. कागदाकडच्या अर्ध्या भागात पाणी सपाट. पिवळ्या अर्ध्या भागात मणी.

चाळीस चौकोन. त्यातले कधी हाती यायचे ते मशीनमध्ये फवाऱ्याच्या कापडांना फारसे न लागलेले. कधी त्यांच्याशी घट्ट गुंडाळले गेलेले. म्हणून कधी खळ्या, कधी नाही. मामा जितकं जास्त पुसत गेले तितकं जास्त चोपडत गेले. कॉम्प्रेसर, थिनर, गन, छत, स्वतःचे डोळे, स्वतःचा हात, सगळ्यांवर त्यांनी संशय घेतला होता. कापडांवर घेतला नाही. कापडं भाचीकडून येत होती.

तिने मग उचलला आणि रंगाच्या खोलीकडे गेली. दारावरचा लाल दिवा लागलेला होता.

लाल दिवा असताना दार उघडायचं नाही. धूळ आत येते. "दिवा लाल असला की घराला आग लागली तरी बाहेर थांबायचं," हे मामांनी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि अकरा वर्षांत तिने ते दार तसं उघडलं नव्हतं. दाराच्या काचेतून दिसलं, मामा पांढऱ्या अंगरख्यात, तोंडावर मास्क, काळ्या गाडीच्या करड्या अस्तर लावलेल्या बॉनेटवर वाकलेले. कोरडा चौकोन फिरवत होते. डावीकडून उजवीकडे, सावकाश, बोटांनी कडा शोधत. मग त्यांनी चौकोनाची घडी केली, खिशात ठेवली आणि गन उचलली.

तिने दार उघडलं.

"बाहेर!" मास्कमागून आवाज आला.

"मामा, मारू नका."

"मोजपट्टे, दिवा दिसत नाही? तुला पण दिसायचं बंद झालं?"

"कापडं खराब आहेत. मी धुतलेली. माझ्या फवाऱ्याच्या कापडांबरोबर धुतली, एकत्र. पहिल्या रविवारपासून." ती भराभरा बोलत होती. "फवारा त्यांना लागलाय. तुम्ही पुसता तेव्हा तोच पत्र्याला लागतो."

मामांनी गन खाली केली नाही. "कोण म्हणतं?"

तिने मग पुढे केला. "ओतू?"

रंग मारायला तयार असलेल्या पत्र्यावर पाणी ओतायचं म्हणजे पुसण्या-घासण्याचं सगळं काम पुन्हा करायचं. मामांनी तिच्याकडे पाहिलं, मगाकडे पाहिलं. "ओत," ते म्हणाले.

घासलेल्या अस्तरावर पाणी सपाट बसायला हवं. ते बसलं नाही. बॉनेटभर फाटत गेलं, त्याचे गोळे झाले आणि ते कडेने खाली टपकायला लागले. मामांनी मास्क काढला. मान उजवीकडे वळवून, वाकून, त्यांनी ते गोळे जवळून पाहिले. एका गोळ्याला बोट लावलं. तो सरकला.

"पहिली खळी तुझ्या सहाव्या आठवड्यात," ते म्हणाले.

"हो."

"तुझ्या मामीचा हात पाचव्यात मोडला."

"हो मामा."

खिशातला चौकोन काढून त्यांनी कचऱ्याच्या डब्यात टाकला, मग कपाट उघडून सगळं गाठोडंच टाकलं. मामींनी शिवलेले, उकळलेले, सगळे. भाचीने धुलाईच्या भागातून नव्या कागदाचं रीळ आणलं. मामांनी तेलकट काढायच्या द्रावणाने बॉनेट तीनदा पुसलं, दरवेळी नवा कागद, पॉलिशपेपरने घासलं, पुन्हा पुसलं. नंतर स्वतःच पाण्याचा मग भरून ओतला. पाणी सपाट पसरलं आणि तसंच राहिलं. त्यांनी ते वाळू दिलं, दार लावलं, दिवा लाल केला.

चार वाजता मालक टॉर्च घेऊन आले. काळ्या बॉनेटवर त्यांनी उजेड तिरपा धरला, मग आडवा, मग सरळ. बॉनेटमध्ये त्यांचाच चेहरा दिसत होता.

"एक पण नाही," ते म्हणाले.

भाचीने त्यांना सगळं सांगितलं. मशीन, पिवळं कापड, कोरा पट्टा. वही दाखवली. "आणि डोळ्याचं मी बोलले होते," ती म्हणाली, "ते याच्याशी लावू नका. खळ्या माझ्या आहेत."

मालकांनी फोन या हातातून त्या हातात घेतला. "मामा खोलीत राहणार, ठरलंय तसं. पण त्या माणसाने तिकडचं काम सोडलंय. त्याला आता येऊ नको कसं म्हणू? दोघं राहा. मोठी कामं तो करेल, बारीकसारीक मामा." मग जाता जाता, "आणि ताई, तिसरा फवारा घ्यायचा ना?"

"पहिल्यापासून परत मोजावं लागेल."

"परत दहा आठवडे?"

"हो."

ते गेल्यावर मामा हात धूत होते. रंग नखांच्या कडांना राहतो, तो ब्रशने काढत होते. पाठ तिच्याकडे होती.

"डोळ्याचं तू सांगितलंस."

"त्यांनी विचारलं म्हणून."

"खरं सांगितलंस. डावीकडचं कमी दिसतं मला. दीड वर्ष झालं." त्यांनी नळ बंद केला. "ते मी सांगायचं होतं."

त्यांनी हात पुसले, कागदाला.

*

सोमवारी नवा रंगारी आला. तरणा, बोलका, आल्याआल्या त्याने छताच्या जाळ्यांचं कौतुक केलं. मामांनी त्याला कपाटातला एक कप्पा मोकळा करून दिला. दुपारी मोठी गाडी आत गेली ती त्याच्याबरोबर. मामा बाहेर एका दारावर पोचा भरत बसले होते.

मामींचं प्लास्टर निघालं, पण हाताला जोर यायला वेळ होता. भाचीने एकदा विचारलं, नवे चौकोन शिवू का, वेगळ्या पातेल्यात उकळते, मशीन नाही लावत. मामी मामांकडे बघत म्हणाल्या, "ते आता कागदच वापरतात." मामा पेपर वाचत होते, मान उजवीकडे करून. त्यांनी पान उलटलं.

निळ्या बॉनेटवरचे जुने पट्टे तिने घासून काढले, नवी टेप लावली, पाच नवे पट्टे आखले. चार फवारे, एक कोरा. कापडांऐवजी तीही कागद वापरायला लागली. वहीच्या नव्या पानावर तिने पहिला आठवडा लिहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर आल्यावर मामा आधी मागच्या भिंतीशी गेले. ती तिथेच होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. नळावर मग भरला, टोकाच्या कोऱ्या पट्ट्यावर ओतला आणि वाकून बघत उभे राहिले. पाणी सपाट पसरलं. बारा सेकंद ते तिथे थांबले. नंतर मग पालथा घातला आणि रंगाच्या खोलीत गेले.

तेव्हापासून ते रोज येतात.